भुऱ्याची काळजी

जवळा बाजार गावात रागिणीने अंगणात गावठी गुलाब लावला होता. त्या उन्हाळ्यात तो फुलांनी लगडला, पण रोज सकाळी ती उठून बघायची तर फांद्या रिकाम्या, खाली चार पाकळ्या आणि त्यांच्यावर शेजारच्या चांगुणाकाकूंचा भुऱ्या कुत्रा ऐसपैस पसरलेला. भांडायची सोय नव्हती, कारण दोन्ही घरांना पाणी काकूंच्याच बोअरचं.

गुलाबाने कुत्र्याला काही होत नाही, हे रागिणीला चांगलं ठाऊक होतं. तरीही बोअरवर घागर भरताना ती काळजीच्या सुरात म्हणाली, "काकू, भुऱ्याला बांधून ठेवत जा. पेपरात आलंय, असली फुलं कुत्र्यानं खाल्ली का अंगात इख भिनते म्हणं. आधी हातपाय गळतेत, अन् मग..."

काकूंच्या हातातली बादली निसटली. पाणी पायांवर सांडलं तरी त्यांना भान नव्हतं. रागिणीला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. लेकरासारखं जपतात त्या भुऱ्याला.

"घाबरू नगा काकू," ती समजावू लागली, "आजपासून बांधलं तरी वाचतंय ते."



"कुत्र्याचं जाऊ दे गं माय," काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मान्साला किती दिवसांत भिनते ते सांग! आमचे मालक उन्हाळा लागल्यापासून तुझ्याच फुलायचा गुलकंद खाऊन राहिले!"