पंजाबरावांची तमाशाबंदी

"या गावात तमाशाची कनात पुन्हा उभी राहणार नाही," पंजाबराव भोंग्यातून बोलत होते, आणि घरी ज्वारी पाखडणाऱ्या रुखमाबाईचं सूप नवऱ्याच्या दर वाक्याला थांबत होतं.

तमाशाच्या जागी वाचनालय. भजनी मंडळाला नवी पेटी. पंचायतीच्या ओट्यावर रेडिओ. त्यावर आधी शेतीचा कार्यक्रम, मग अभंग, मग बंद.

टाळ्या.

महाराष्ट्र राज्य झाल्यावरची गावातली ही पहिलीच पंचायतीची निवडणूक. पंजाबरावांच्या वॉर्डात जागा एक, उमेदवार दोन, आणि भांडण एकाच गोष्टीचं: गावानं करमणूक काय करावी. रस्त्याचं, विहिरीचं कोणी बोलतच नव्हतं. बाकीच्या वॉर्डांतले पंच निम्मे इकडे, निम्मे तिकडे होते; कौल या एका जागेवर होता.

दुसरा भोंगा मारुतीच्या पाराकडून. रंगराव. आवाज हसरा.

कुस्त्यांना पक्का आखाडा. नाटकाला दगडी ओटा. यंदाच्या यात्रेला तमाशा. "पंजाबरावचा रेडिओ ऐकून बैलंबी झोपून जातीन," तो म्हणाला. "मानसाले जागं ठेवाले ढोलकीच लागते."

लोक हसले. ढोलकी म्हटल्यावर मग कोणाला काहीतरी आठवलं, आणि हसू मधेच विझलं.

काय आठवलं, ते रुखमाबाईला घरात बसून कळलं.

*

काही वर्षांपूर्वी यात्रेला आलेल्या तमाशाच्या फडाबरोबर पंजाबराव-रुखमाबाईचा एकुलता एक मुलगा निघून गेला होता. सुखदेव. ढोलकी वाजवायला.

पंजाबरावांनी त्याच्या नावानं आंघोळ केली. जिवंत मुलाच्या. चारचौघांदेखत विहिरीवर उभं राहून डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या धोतरानं घरी येऊन सांगितलं, या घरात ते नाव आता निघणार नाही.

निघालं नाही.

फड दरसाल चिखलीला यायचा, उंद्रीला यायचा. या गावची तमाशाची सुपारी तेवढी पंजाबरावांनी अडवून धरली होती. पण ती अडवणूक नुसती शब्दावर. आता त्यांना ठराव हवा होता, कायमचा.

*

शेजारची अंबूबाई चिखलीच्या बाजाराहून आली ती थेट मागच्या दारानं. पोरगं दिसलं, म्हणाली. फडाच्या गाडीजवळ बसलं होतं. पार वाळलं होतं. खोकला थांबत नव्हता. तिला बघून तोंड फिरवत होतं.

"घरी चाल म्हनलं, तं म्हने, बाप दारातून हाकलीन," अंबूबाईनं सांगितलं. "मंग म्हने, यात्रेची सुपारी भेटली तं येईन. फडासंगं आलेल्याले कोनी हाकलत नाही. तेवढ्यात मायले पाहून घेईन."

रुखमाबाईनं पदर तोंडात धरला. एकटीनं वेस ओलांडायची तिच्या घरात रीत नव्हती. म्हणजे रंगराव निवडून यायला हवा होता. दुसरी वाट नव्हती.

आणि पंजाबरावांच्या निशाणीची, कंदिलाची, चित्रं भिंतींवर डकवायला खळ तीच शिजवून देत होती.

एकदा वाढता वाढता ती बोलली. ताटाकडे बघत. "यात्रेत जराक वाजलं-गाजलं तं कोनाचं काय जाते?"

पंजाबरावांनी ताट पुढे सरकवलं.

"भाकर वाढ," ते म्हणाले.

त्या संध्याकाळचं त्यांचं भाषण सगळ्यांत जहाल झालं.

*

मतदान शाळेत. पडद्यामागे दोन पेट्या, एकीवर कंदील, दुसरीवर रंगरावाचा तराजू. ज्याच्या पेटीत कागद टाकाल त्याला मत.

पंजाबराव आधी गेले. ते लवकर बाहेर येईनात.

"पंजाबराव, कंदील सापडून नाही राह्यला का?" रंगरावाचा माणूस बाहेरून ओरडला. "काडी देऊ का?"

रांग हसली. पंजाबराव बाहेर आले ते कोणाकडे न बघता चालू लागले.

मग रुखमाबाई. आत काळोख होता. तिचा हात आपसूक तराजूकडे गेला. कागद फटीत अर्धा शिरला. खोकला ऐकू आल्यासारखा झाला.

आणि दिसला नवरा. सगळ्या गावासमोर पडलेला. आपल्या हातानं पाडलेला.

तिनं कागद ओढून घेतला. कंदिलाच्या पेटीत टाकला. बाहेर येऊन शाळेची भिंत धरून उभी राहिली. लेकराच्या तोंडावर दार लावून आलो, एवढंच तिला कळत होतं.

*

दिवस मावळायच्या आत मोजणी झाली. रंगराव एका मतानं आला.

एका.

पंजाबरावांच्या ओटीवर माणसं जमली. कोण फुटलं? घराघराची नावं घेऊन झाली. ज्याचं ज्याचं नाव निघालं त्यानं त्यानं शपथेचा बेलभंडार उचलला. मग एकेक नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळू लागली.

चुलतभाऊ किसनराव बोललाच. "मायचं काळीज हाय, दादा. बाहेर काऊन शोधून राह्यले?"

पंजाबरावांनी त्याला घरी जायला सांगितलं. सगळ्यांनाच सांगितलं.

ओटी रिकामी झाली. रुखमाबाई बाहेर आली. आता हा माणूस आपल्याही नावानं आंघोळ करणार, असं तिला वाटत होतं.

"सुखदेवची आन हाय मले," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ते नाव त्या घरात पहिल्यांदा निघालं. "म्या तुमच्याच पेटीत टाकलं."

पंजाबरावांनी मान वर केली नाही.

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "म्या नाही टाकलं."