निळ्या खड्याचं कानातलं

विमान खाली उतरू लागलं आणि मुंगीने भोकाड पसरलं.

दीड वर्षाची पोर, पण बापाला आवरेना. तो क्रेन चालवायचा. दांडगा माणूस, दोन सीटच्या मध्ये कसाबसा मावला होता. मुंगी त्याच्या मांडीवर मागे मागे वाकत होती, स्वतःचे कान ओढत होती. दुधाची बाटली तोंडाशी नेली की ढकलून देत होती.

"कान दुखतात हो लेकरांचे," खिडकीपाशी बसलेल्या बाई म्हणाल्या. वयाने त्याच्या आईएवढ्या होत्या. "दोन घोट गिळले की मोकळे होतात. पाजा काहीतरी."

"पीत नाहीये."

"तिच्या आईकडे द्या ना मग. मागे बसलीये का ती?"

"आई नाहीये तिला."

बाई उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

मागून एका गृहस्थाचा आवाज आला, "अहो, बघा ना जरा तिच्याकडे! डोकं उठलंय मघापासून."

"बघतोय साहेब."

पट्टे तपासत एअर होस्टेस आली. त्याच्या कपाळावरचा घाम बघून म्हणाली, "पहिल्यांदाच बसलात का विमानात? घाबरू नका हं."

"मी कशाला घाबरू? मी रोज वरच बसतो. हिचं काय करायचं तेवढं सांगा."

तिलाही ते माहीत नव्हतं.

त्याला मात्र माहीत होतं. मुंगीचा हात सारखा त्याच्या डाव्या कानाकडे जात होता. ती पाळी चाचपायची, तिथे काही सापडायचं नाही, मग दुप्पट जोरात रडायची.

ते त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, कापसात ठेवलेली निळ्या खड्यांची जोडी. तिच्या आईची. मुंगी तान्ही असल्यापासून आईच्या कानातला खडा अंगठ्याने घासत घासत झोपायची. आई गेली आणि पोरीची झोप गेली. मग एका दुपारी त्याने स्वतःचा डावा कान टोचून घेतला. कामावरची पोरं चिडवू लागली, "काय पैलवान, बांगड्या कधी भरताय?" त्याने किडा चावला म्हणून सांगितलं. घरी दार लावलं की तो कानातलं घालायचा, उजाडायच्या आत काढायचा. मुंगीशिवाय ते कोणी पाहिलं नव्हतं.

आज ती जोडी तो मुंगीच्या मावशीला देणार होता. मावशी विमानतळावर येणार होती. आजपासून मुंगी तिच्याकडे राहणार होती. घरच्यांनी बसून तसं ठरवलं होतं. "एकट्या पुरुषमाणसाला झेपतंय होय हे?" असं जो तो म्हणाला, आणि त्यानेही मान हलवली होती. रात्री हे घाल म्हणजे झोपते, एवढंच मावशीला सांगायचं होतं. पण इतके दिवस मग कशी झोपायची, असं तिने विचारलं तर?

मुंगी रडता रडता खोकू लागली. तिचा चेहरा लालभडक झाला.

त्याने डबी काढली.

क्रेनवर हीच बोटं तसूभर चुकायची नाहीत. आता कानातल्याची फिरकी दोनदा सुटून मांडीवर पडली. समोरच्या रांगेतलं एक पोर वळून टकामका बघत होतं. त्याने मान खाली घातली आणि कशीबशी फिरकी लावली.

बाई बघत होत्या. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला.

"अशी नाही बसायची ती," त्या म्हणाल्या. "पडेल, मग शोधत बसाल. मान करा इकडे."

त्याने मान वळवली. बाईंनी फिरकी घट्ट केली.

मुंगीला खडा सापडला. अंगठा त्यावर फिरू लागला. एक हुंदका आला, मग लहान, मग आणखी लहान. त्याने बाटली पुढे केली. ती प्यायली. घोटागणिक तिचे डोळे मिटत गेले.

मागचे गृहस्थ सीटच्या फटीतून डोकावले. काहीतरी बोलणार होते. बाईंनी वळून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते मागे टेकून बसले.

चाकं धाडकन जमिनीवर आदळली.

"मी असा माल टेकवला असता ना," तो कुजबुजला, "तर मुकादमाने त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

बाई तोंडावर हात धरून हसल्या. मुंगी जागी झाली नाही.

बाहेर पडायच्या आधी कानातलं काढायचं, असं त्याच्या मनात होतं. पण त्यासाठी मुंगीची मूठ सोडवावी लागली असती. दारापर्यंत तो दोनदा थांबला. मग तसाच निघाला. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्यावर मुंगी.

मावशी कठड्यापाशीच उभी होती. त्यांना बघताच दोन्ही हात पसरून धावत आली.

"आणा इकडे माझ्या सोन्याला. किती दमलात भाऊजी! रडली का हो फार?"

आणि मग तिला ते दिसलं. ताईचा निळा खडा. त्यावर मुंगीचा अंगठा. झोपेतही हलत होता.

"हे लागतं तिला झोपताना," तो खाली बघत म्हणाला. "तुला सांगणारच होतो. दुसरं खिशात आहे, थांब, देतो."

मावशीचे हात तसेच पुढे राहिले. डोळे भरून आले. मग तिने हात वळवले आणि त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली.

"ही द्या माझ्याकडे," ती म्हणाली. "तिला असू दे तिथेच."