एकशे नववा ठोका

प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात कमलिनीबाईंच्या यजमानांचं नवं हृदय वाढत होतं. त्याला धडधडायला घरच्याच माणसाने शिकवायचं, म्हणून त्या रोज जप करताना दर मण्याला भांड्यावर बोट टेकवत.

"काकू, हे दर एकशे आठ ठोक्यांनंतर अडखळतं. टाकून द्यावं लागेल," डॉक्टर निरगुडे हळूच म्हणाल्या.

"अगं बाई, ही तर माझीच शिकवण! एकशे आठ मण्यांनंतर येणारा मेरुमणी ओलांडायचा नसतो, म्हणून तिथे थांबून मी माळ उलटी फिरवते."

"मग आता?"

"आता ओलांडते. देवाची समजूत मी घालीन, तू फक्त चार दिवस थांब."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मेरुमणी मागे टाकला. तिसऱ्या दिवशी एकशे नववा ठोका न अडखळता पडला, आणि निरगुडेबाईंनी ऑपरेशनची तारीख ठरवली.