मागून धूर बघताना

जुनी डिझेल पिकअप घ्यायची तर मागे उभं राहून धूर बघावा, एवढी अक्कल मला शाळेत न जाताही आहे. उद्यापासून ती चालवणार माझा थोरला, म्हणून त्यालाच आत बसायला पिटाळलं आणि मी मागे गेले.

इंजिन धडधडलं. काळा धूर थेट माझ्या तोंडावर आला.

"गाढवा, आईला धुरी देतोस का? हळू!"

इंजिन हळू झालं.

"आता दाब!"

इंजिन गरजलं. कधी नव्हे ते पोरगं मुकाट्याने ऐकत होतं.

तेवढ्यात थोरला विकणाऱ्याच्या ऑफिसातून धावत आला. "आई, कोणावर ओरडतेस? चावी आत्ता कुठे मिळाली मला."

मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

केबिनमधून त्याच्याच आवाजात हाक आली, "आई, कोणाचा हात धरलायस?"