सहलीला गेलेला सदस्य

"माझ्या आईला का पाडलंत," असं काही कचरूकाकांना तोंडावर विचारता येत नव्हतं. म्हणून विशाखानं कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला, "अविश्वास ठरावाच्या बाजूनं मत देण्यामागं आपली भूमिका काय होती?"

कचरूकाका ओसरीवर सोयाबीनच्या पोत्याला टेकून बसले होते. भूमिका हा शब्द ऐकून ते सावरून बसले आणि विशाखाकडं न बघता तिच्या शेजारी बसलेल्या सत्यभामाबाईंकडं बघायला लागले. गावच्या या माजी सरपंच, विशाखाची आई. त्यांच्याच विरोधात ग्रामपंचायत सदस्य असलेल्या काकांनी हात वर केला होता. तू येऊ नकोस म्हणून विशाखानं आईला परोपरीनं सांगितलं होतं, पण ती ऐकते कुठली! मी समोर असले की माणसं खोटं बोलत नाहीत, एवढंच म्हणाली आणि चपला घालून पुढं निघाली.

विशाखा फुलंब्रीजवळच्या या गावातून रोज शहरात कॉलेजला जायची. राज्यशास्त्राच्या अजरा मॅडमनी तौलनिक निबंध लिहायला सांगितला होता : सरपंच थेट लोकांनी निवडावा, की निवडून आलेल्या सदस्यांनी? विशाखानं वाचनालय पालथं घातलं आणि सदस्यांच्या पद्धतीची पार सालटी काढली. फोडाफोडी, पळवापळवी, हॉटेलातल्या सहली, काही सोडलं नाही. मॅडमनी तो निबंध परत केला. "ही फिर्याद झाली, बेटा. मी निबंध मागितला होता. दुसऱ्या बाजूचा एक तरी माणूस गाठ आणि उद्या लिहून आण." मॅडम आपल्या संशोधनात एकाच मुलीला बरोबर घेणार होत्या, आणि ती मुलगी आपण असावं असं विशाखाला फार फार वाटत होतं. दुसऱ्या बाजूचा माणूस गावात शोधायची गरजच नव्हती. तो त्यांच्या दलित वस्तीपलीकडच्या गल्लीत राहत होता.

"बाई, हिला खरं सांगू का?" काकांनी विचारलं.

"सांगा की. त्याच्यासाठीच आलेय मी."

"हैदराबादला नेलतं आमाला. आमचे पुढारी नानासाहेब, त्यांनी गाडी लावली, सगळ्यांचे फोन काढून घेतले. चारमिनार बघितला, बिर्याणी खाल्ली, आन् येऊन हात वर केला. बाई कुणाचं ऐकतच नव्हत्या ना. पाण्याची लाइन आधी वस्तीत न्यायची म्हणल्या, तर नेलीच. येताना समद्यांनी घरी बिस्किटं घेतली. म्या एक डबा बाईंसाठी बी आणला."

"आईसाठी?"

"सरपंच हायेत म्हणल्यावर आणावा लागतो."

जिला उतरवायला गेलो तिच्यासाठीच खाऊ आणला, यात काही विचित्र आहे हे काकांच्या अजूनही लक्षात आलेलं नव्हतं. "चांगली होती बिस्किटं," सत्यभामाबाई म्हणाल्या. विशाखानं त्या डब्याला हातसुद्धा लावला नव्हता.

ती पुढचा प्रश्न वाचणार, तेवढ्यात आई म्हणाली, "पाडलं ते झालं. मला बसवलं कसं, ते विचार."

"सरपंचाची जागा बाईसाठी राखीव होती," काका म्हणाले. "एकीकडं नानासाहेबांची सून, दुसरीकडं त्यांच्याच भावकीतली. कुणी मागं सरंना. मंग म्हणले, वस्तीतल्या बाई सदस्य हायेत, त्यांनाच बसवा. गरीब हायेत, म्हणू तिथं सही करतील."

सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. विशाखाला मात्र हसू आलं नाही. तिनं कागद पालथा घातला. आता जे विचारायचं होतं ते त्यावर नव्हतं.

"काका, तेव्हा थेट निवडणूक असती आणि आई उभी असती, तर तुम्ही तिला मत दिलं असतं?"

काकांनी पोत्याच्या शिवणीतला सुतळीचा धागा ओढला, परत आत खुपसला.

"नाय."

"का?"

"वस्तीतल्या बाईला आमच्या गल्लीत कुणीच नसतं दिलं, पोरी. राग मानू नको."

राग आलाच. विशाखाचे कान तापले. तिनं आईकडं पाहिलं, तर आई शांतपणे मान हलवत होती. तिला हे आधीपासून माहीत होतं.

"आणि आता?"

"आता देईन की!"

"आता काय वेगळं आहे?"

"बाईंच्या शेजारी बसून दोन वर्षं कारभार केला ना. तेव्हा वळख नव्हती."

"एकाच गावात राहून?"

"व्हय," काका खाली बघत म्हणाले. "एकाच गावात राहून."

विशाखाचं पेन थांबलं. जिची तिनं सालटी काढली होती, त्याच पद्धतीनं आईला या माणसाच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. बसवणाऱ्यांच्या मनात काहीही असो. मॅडमनी निबंध परत केला म्हणून तिला बरं वाटलं, आई हट्टानं आली म्हणून बरं वाटलं, आणि खरं सांगितल्याबद्दल, राग तसाच असताना, या माणसाचेही मनापासून आभार मानावेसे वाटले.

"काका, निबंधाच्या शेवटी ज्यांची मदत झाली त्यांचे आभार असतात. त्यात तुमचं नाव घालते."

काका दचकले. "माझं? माझं कशापायी? म्या तर बाईंना पाडलं!"

सत्यभामाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"लिही गं, यांचंच नाव आधी लिही," त्या म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांत पाडायला कुणी खुर्चीत बसलेलंच नव्हतं."