बुटकं टेबल

टेबल बुटकं झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं चार बोटं. गॅरेजच्या दारातूनच तिच्या नजरेनं ते टिपलं. नवरा हा असा ताडमाड. या टेबलावर तो दोन दिवस वाकला तर तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसणार, आणि ती शेकायची कुणी? तिनंच की!

"अहो, माप चुकलंय," ती म्हणाली.

"छे हो वहिनी," रंधा पिशवीत टाकत सुतार म्हणाला. "टेपचं टोक तुम्हीच तर धरलं होतंत."

धरलं होतं खरं. मागच्या आठवड्यात नवऱ्यानं तिला गॅरेजच्या भिंतीशी उभं केलं होतं. सरळ उभी राहा, हलू नकोस, म्हणाला. सुतारानं खाली बसून आकडा लिहून घेतला. आत गॅसवर दूध होतं, त्यामुळे हे कसलं माप, असं विचारायचंही तिला सुचलं नाही.

नवऱ्याला निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता. जुनी गाडी विकली, आणि रिकाम्या गॅरेजात साहेबांनी घरगुती वर्कशॉप काढायला घेतलं. त्याची खरेदी म्हणजे तर आनंदच होता. हातमोजे आणले ते त्याच्या अंगठ्याच्या पुढे जाईनात. अवजारं टांगायची फळी ठोकली तीही इतकी खाली, की पक्कड काढायला त्याला गुडघ्यात वाकावं लागे. त्या फळीवर शेवटचे तीन खिळे रिकामेच होते. ते कशाला, म्हणून विचारलं तर म्हणे, राहू दे, लागतील.

ती हसत होती, पण आतून तिला रडू येत होतं. आणि कारण सांगायची सोय नव्हती.

लग्न झाल्या झाल्या, एका रविवारी, नवऱ्यानं बिघडलेली इस्त्री उघडली होती. वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडले, तासभर डोकं खाजवलं, आणि कशीबशी ती बंद करून "उद्या बघतो" म्हणून उठला. सोमवारी तो ऑफिसला गेला. तिनं दाराला कडी घातली. तिच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिचं बालपण त्यांच्या स्टुलाशेजारी गेलं होतं. दहा मिनिटांत इस्त्री तापायला लागली. संध्याकाळी नवऱ्यानं बटण दाबलं आणि छाती फुगवून म्हणाला, "बघितलंस? माझा हात लागला की झालंच!"

नव्या नवरीनं काय बोलावं? "कमाल आहे बाई तुमच्या हाताची," ती म्हणाली. ते जे म्हणाली, ते तेहेतीस वर्षं म्हणतच राहिली. दर रविवारी तो काहीतरी उघडून ठेवायचा. दर सोमवारी ती शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली लपवलेली वडिलांची छोटी पक्कड, टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर काढून बसायची. आठवड्यातला तो एक तास तिचा स्वतःचा होता. त्या तासात तिला ना भूक लागायची, ना दारावरची बेल ऐकू यायची.

आता तो दिवसभर घरात असणार, आणि वर्कशॉप त्याचं. तिचा सोमवार गेला. तिला मनापासून वाईट वाटत होतं.

सुतार गेला. नवरा टेबलावरचा भुसा झाडत होता. आता टेबलाचं तरी सांगूनच टाकावं, या विचारानं ती पुढे झाली.

"अहो, हे पाय वाढवून घ्या. वाकून वाकून कंबर जाईल तुमची."

"माझी कशाला जाईल? इथं ये. उभी राहा."

ती टेबलापाशी उभी राहिली. हात सैल सोडले. टेबलाची कड बरोबर मनगटापाशी आली. तिचे वडील असंच माप घ्यायचे. काम करणारा सरळ उभा राहिला की त्याचं मनगट जिथं येतं, तिथवर टेबल. तिनं मान वर केली. फळीवरची पक्कड तिच्या डोळ्यांसमोर होती. बाजूला पडलेला हातमोजा तिनं घातला. तो हातात अलगद बसला.

"हे... हे माझ्या मापाचं झालंय," ती पुटपुटली.

"मग काय शेजारणीच्या मापाचं करून घेऊ? आणि त्या तीन खिळ्यांवर तुझ्या शिवणाच्या डब्यातली मंडळी आणून टांग. बिचारी किती वर्षं रिळांखाली गुदमरतायत."

तिनं हातमोजा काढून टेबलावर ठेवला. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या इस्त्रीपासून. तिच्या तीन स्क्रूंपैकी एक माझ्या खिशात राहून ऑफिसला गेला होता. संध्याकाळी येऊन बघतो तर इस्त्रीला तीनच्या तीन स्क्रू!"

"अगं बाई!" तिनं तोंडावर हात ठेवला. मग एकदम काहीतरी लक्षात येऊन तिनं तो काढला. "म्हणजे पुढे तो पंखा, तो मिक्सर, ते भिंतीवरचं घड्याळ..."

"चांगलं चालू होतं सगळं. मीच बिघडवायचो." तो पुन्हा भुसा झाडायला लागला. "सोमवारी संध्याकाळी तू गुणगुणत दार उघडायचीस. बाकीच्या दिवशी नुसतंच उघडायचीस."