मुख्य मुद्द्याखाली लाल रेघ

बाईंनी पत्रकाच्या झेरॉक्स वाटल्या. मुख्य मुद्द्याखाली लाल रेघ, कारणांखाली निळी. वेळ दहा मिनिटं.

पत्रक सकाळीच त्यांच्या दाराच्या फटीतून आत आलं होतं. ‘आपली वस्ती, आपली जबाबदारी.’ खाली चार कारणं, एक-दोन-तीन-चार आकडे घालून. इतका नमुनेदार उतारा आयता हाती लागल्यावर कुठली मास्तरीण सोडेल? बाईंनी वरवर नजर फिरवली आणि शाळेत येऊन धडाधड छत्तीस प्रती काढल्या.

मुलं कामाला लागली. नळाला पाणी पुरत नाही: निळी. सायकली चोरीला जातात: निळी. लाल रेघ बहुतेकांनी ‘वस्ती सुरक्षित ठेवू या’ याच्याखाली मारली होती. बाई खूश होत्या.

दुसऱ्या बाकावर चिमणी बसायची. गेल्या वर्षी शाळेत आलेली, अक्षर मोत्यासारखं, तोंड मात्र शिवलेलं. तिच्या कागदावर चारही निळ्या रेघा बरोबर होत्या. लाल एकही नव्हती. समासात तिनं लाल पेनानं लिहिलं होतं: ‘पाण्याच्या टाकीमागच्या तीन घरांनी निघून जावं.’

“हे कुठं लिहिलंय गं यात?” बाईंनी वाकून विचारलं.

“लिहिलेलं नाहीये, बाई. पण चारही कारणं आमच्याच दाराशी येऊन थांबतात.”

बाईंनी पत्रक पुन्हा वाचलं, या खेपेला शब्द न् शब्द. पाणी टाकीमागेच मुरतं. सायकली टाकीमागच्या वाटेनंच जातात. तळाशी बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या: ‘रविवारी सकाळी दहाला टाकीपाशी जमावं, घरटी एक माणूस. लहान मुलांना सोबत आणू नये.’

वीस वर्षं बाईंनी पोरांना मुद्दा शोधायला शिकवलं आणि स्वतःच्या दारात आलेला ओळखता आला नाही. वर छत्तीस प्रती काढून वाटल्या. सकाळी चहा पिताना नवरा म्हणाला होता, रविवारी कुणाला जेवायला बोलावू नकोस, मी घरी नसेन. तेव्हा त्यांनी कारणही विचारलं नव्हतं. आता ते विचारायचीच त्यांना भीती वाटू लागली.

“कागद इथंच ठेवा सगळ्यांनी. घरी न्यायचे नाहीत,” त्या म्हणाल्या.

चिमणीनं पेनाला टोपण लावलं. आजूबाजूला पाहिलं, आणि फक्त बाईंनाच ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं,

“बाई, तुमच्या घरातून कोण येणार आहे?”